गवताच्या मुलखातील ससा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील सदनिकांमध्ये अलीकडच्या काही दशकांत जी पाळीव जनावरे नव्याने वस्तीस आली, त्यांत ससा हा दिसावयास सर्वांत अल्पसंतुष्ट आणि आहाराच्या बाबतीत, खरे पाहता, सर्वांत काटेकोर प्राणी होय. कुत्रा घरातल्या पोळीवर निभावून नेतो, मांजर दूध-मासळीवर राहते. सशाला मात्र गाजर, बिस्कीट आणि कोथिंबिरीच्या काड्या यांवर ठेवले, म्हणजे काही महिन्यांत असा एक दिवस उगवतो, की तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ वाकवून बसतो, पुढे केलेल्या घासाकडे मान फिरवितो, दात करकरा वाजवितो, आणि संध्याकाळी पिंजरा झाडताना घरच्यांच्या ध्यानात येते, की सकाळपासून तेथे एकही लेंडी पडलेली नाही. घरची मंडळी याला बद्धकोष्ठ म्हणतात. पशुवैद्य आतड्यांची गती मंदावली किंवा थांबली असे निदान करतात. आणि कारणांची चौकशी करीत गेले, म्हणजे बहुधा एकाच जिनसेच्या अभावापाशी येऊन थांबावे लागते, ती जिन्नस म्हणजे वाळलेले गवत. ज्या भूमीवर हा अभाव आज जाणवतो, त्या भूमीचे गवत एके काळी मुंबईच्या पागा आणि तबेले पोसत होते, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या स्मरणात नाही. म्हणून सशाच्या पोटाकडे वळण्यापूर्वी त्या गवताची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

या किनाऱ्यावरील जनावरांविषयीचा एक मनोरंजक उल्लेख तेराव्या शतकाच्या अखेरीचा आहे. मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने ठाण्याच्या राज्याचे जे वर्णन केले आहे, त्यात तेथील राजाने समुद्रावरील चाच्यांशी केलेल्या एका विलक्षण कराराची माहिती येते: लुटीत जेवढे घोडे सापडतील तेवढे राजाकडे जमा व्हावेत, आणि सोने, रत्ने व इतर माल चाच्यांनी खुशाल ठेवून घ्यावा. राजाजवळ घोडे नव्हते, हिंदुस्थानात घोड्यांची आयात समुद्रमार्गे मोठ्या प्रमाणावर चालत असे, आणि ही व्यवस्था पोलोला राजपदास न शोभणारी वाटली, तशी ती होतीही. परंतु आपल्या विषयाशी अधिक निकटचा असा त्याचा दुसरा मजकूर पूर्व किनाऱ्यावरील मअबर देशासंबंधी आहे. तेथे दरसाल हजारो घोडे उतरत, आणि त्यांतील फारच थोडे वर्षअखेर जिवंत राहत. कारण, पोलो म्हणतो, त्यांना शिजविलेला भात आणि मांस चारण्यात येई, आणि घोड्यांच्या शुश्रूषेचे ज्ञान असलेला मनुष्य तेथे नव्हता. प्रवाशांच्या कथनात अतिशयोक्तीचा अंश गृहीत धरावयाचा असतो. तथापि गवतावर जगणाऱ्या प्राण्याला शिजविलेले, मऊ आणि पिष्टमय अन्न देऊन मारण्याची ही रीत मात्र कपोलकल्पित म्हणता येत नाही, कारण ती आजही चालू आहे. फक्त घोड्याच्या जागी ससा आला आहे.

घोडा आणि ससा यांचे हे साम्य केवळ शब्दांपुरते नाही. गाय किंवा म्हैस गवत खाते ते प्रथम जठराच्या मोठ्या कप्प्यांत आंबविते, मग रवंथ करते. घोड्याची आणि सशाची रचना याच्या उलट असून, त्यांच्या पोटातील गवताचे आंबणे पाठीमागे, लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यापाशी असलेल्या उंडुक नावाच्या प्रशस्त पिशवीत होते. त्या पिशवीत असंख्य सूक्ष्म जीव विरजणाप्रमाणे नांदत असतात, आणि ते जिवंत राहावेत यासाठी चोथायुक्त गवताचा प्रवाह अहोरात्र चालू राहावा लागतो. सशाची गोष्ट तर याहूनही विचित्र आहे: उंडुकात तयार झालेल्या मऊ, चकचकीत गोळ्या तो स्वतःच्या गुदद्वारातून थेट तोंडात घेऊन गिळतो, आणि अशा रीतीने एकच अन्न दोनदा पचवितो; ज्या वाटोळ्या, कोरड्या लेंड्या आपण केरात टाकतो, त्या न पचलेल्या जाड चोथ्याच्या असतात, आणि निरोगी ससा त्या दिवसाला २०० ते ३०० टाकतो. घोड्याला आणि सशाला, दोघांनाही ओकारी येत नाही. जे पोटात गेले त्याला पुढे सरकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि पुढचा मार्ग थांबला, म्हणजे वायू साचतो, पोट ताणते, वेदना होते, वेदनेने खाणे सुटते, आणि खाणे सुटल्याने मार्ग आणखी थांबतो.

घोड्याच्या या शूळाची आपल्याकडे जुनी ओळख होती. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्ववैद्यकाची परंपरा, जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ हा ग्रंथ आणि पागांतून नोकरीस असणारे सालोत्री ही त्या ओळखीची साधने होत. सशाच्या वाट्याला असे काही आले नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ससा येतो तो मांसवर्गात, रुग्णाला द्यावयाच्या मांसांपैकी एक म्हणून; स्वतः रुग्ण होण्याचा मान त्याला तेथे मिळालेला नाही. त्याचे कारणही उघड आहे: मुरबाड-शहापूरच्या माळांवर दिसणारा आपला रानससा हा शिकारीचा प्राणी होता, आणि घरांत आज पाळला जाणारा ससा ही निराळीच जात असून तिचे मूळ स्थान स्पेन-पोर्तुगालचा मुलूख आहे. रानससा बिळे खणून टोळीने राहत नाही, पिंजऱ्यात जगत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला धरण्याची मुभाही राहिलेली नाही.

गवताचे मोल किती असते याची जाणीव या देशातील राज्यकर्त्यांना नव्हती असे मात्र म्हणता यावयाचे नाही. कल्याण १६५७ साली ज्यांच्या ताब्यात आले, त्या शिवाजी महाराजांनी चिपळूणनजीकच्या लष्करी तळावरील अंमलदारांना पुढे लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे, आणि त्याची आठवण सहसा रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या आज्ञेसाठी काढली जाते. परंतु ते पत्र लक्षपूर्वक वाचणाऱ्याला त्यात गवताचा विषय किती विस्ताराने आला आहे हे दिसल्याशिवाय राहत नाही. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आताच मन मानेल तसे उधळले, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. कोणी आगट्या पेटवील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि मग पागाच्या पागा बुडेल, असा इशारा त्यात दिला आहे. वातीपासून उंदरापर्यंत आणि उंदरापासून गंजीपर्यंत जाणारी ही नजर मोहिमा आखणाऱ्या सेनापतीची आहे त्याहून अधिक ती घरच्या कर्त्या पुरुषाची आहे. कोकणात गवत चार महिने उदंड उगवते, परंतु ते त्या चार महिन्यांत वाळविता येत नाही, हे ज्याला उमगले त्यालाच तसे लिहिता येते.

इंग्रजी अमलात या गवताला बाजार मिळाला. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये भिवंडीसारख्या बंदरांतून बाहेर जाणाऱ्या मालात तांदूळ, सुकी मासळी आणि लाकूड यांच्या पंक्तीस गवतही बसविलेले आहे. लोहमार्ग ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजी आणि कल्याणास १ मे १८५४ रोजी पोहोचला होता. परंतु गवत हा जागा फार व्यापणारा आणि वजनाने हलका माल असल्यामुळे खाडीतील गलबतांची वाहतूक रेल्वेने एकदम बंद पाडली नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, रे रोडच्या बाजूस, ‘हे बंदर’ या नावाचा रस्ता आजही आहे, आणि वाळल्या गवताचा धक्का तेथे होता, याची ती एवढीच खूण शिल्लक आहे. मुंबईला गवत कशासाठी लागे, हे समजण्यास एकच दाखला पुरेसा आहे: ९ मे १८७४ रोजी जेव्हा शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा ती चालविणाऱ्या स्टर्न्स आणि किट्रेज कंपनीच्या तबेल्यांत ९०० घोडे असल्याचे सांगतात. त्यांत भाड्याच्या व्हिक्टोरिया, श्रीमंतांच्या बग्ग्या, भायखळ्याकडील अरबी घोड्यांचे सौदागर, लष्कराची जनावरे आणि गवळ्यांच्या म्हशी मिळविल्या, म्हणजे दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत ठाणे जिल्ह्यातील डोंगरउतारांवर विळे का चालत होते, याचा उलगडा होतो. पवन्या आणि मारवेल हे त्या गवतांतील मानाचे प्रकार. कुसळी हा त्यांहून हलका, कारण कापणीस उशीर झाला, की तिची टोकदार कुसळे जनावराच्या तोंडात रुततात.

हे विळे कोणाच्या हातांत होते, हा प्रश्न गॅझेटियरने फारसा विचारला नाही. तो पुढे साठ वर्षांनी दुसऱ्यांनी विचारला. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळे येथे किसान सभेचे अधिवेशन भरले, आणि त्या काळी ठाणे जिल्ह्यातच मोडणाऱ्या उंबरगाव-डहाणू भागातून काही वारली तेथे येऊन, आपली वेठबिगारीची कहाणी सांगून गेले. त्याच वर्षी गवतकापणीचा हंगाम सुरू होताना वारल्यांनी पाचशे रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागितली, आणि ती मिळेपर्यंत विळा हाती न घेण्याचा निश्चय केला. गवत उभे वाळत राहिले. मुंबईचे गिऱ्हाईक खोळंबले. जमीनदार आणि गवताचे व्यापारी अस्वस्थ झाले. आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच माणसे मृत्युमुखी पडली. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात या लढ्याचा वृत्तांत दिला असून, त्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. मुंबईकराच्या दारातील घोडा किंवा गोठ्यातील म्हैस जे निमूटपणे चघळीत होती, त्यामागे एवढे श्रम आणि एवढे रक्त होते, हे नमूद केल्यावाचून गवताचा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

त्यानंतर मात्र हा व्यापार हळूहळू ओसरत गेला. घोड्यांची ट्राम १९०५ सालीच थांबली होती आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. मोटारींनी बग्ग्या हटविल्या. १९४९ मध्ये आरे येथे दुग्धवसाहतीची उभारणी सुरू होऊन शहरातील म्हशींना बाहेर नेण्याची तजवीज झाली. कल्याणच्या खाडीकाठी तबेले राहिले, ते आजही आहेत. परंतु ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगतचे माळ आणि डोंबिवलीच्या आसपासची भातखाचरे व कुरणे प्रथम बिनशेती झाली आणि नंतर इमारतींखाली गेली. ठाण्यास १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवलीस १९८३ साली महानगरपालिका मिळाली, तोवर या गावांतील मुलांच्या परिचयाचे गवत म्हणजे गणपतीच्या दूर्वांची जुडी, एवढेच उरले होते.

जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था त्या गवतखाऊ, ओझेवाहू जगासाठीच निर्माण झाली होती, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ आणि त्याला जोडून १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय, या संस्थांपुढे मुख्यतः घोडे, बैल आणि गाई होत्या. पुण्यात १८८९ साली जी सरकारी जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली आणि थोड्याच वर्षांत मुक्तेश्वरला हलविली गेली, तिचा रोख गुरांच्या बुळकांडीकडे होता. जिल्हा परिषदा आल्या, तालुक्या-तालुक्यांत पशुवैद्यकीय दवाखाने उघडले, लोक त्यांना गुरांचा दवाखानाच म्हणत राहिले, आणि ते रास्तच होते. ससा या विद्येच्या दालनात शिरला तो मागच्या दाराने, प्रयोगशाळेचे साधन म्हणून. लुई पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर जी लस दिली, ती सशाच्या पृष्ठरज्जूपासून केलेली होती, आणि त्याच धर्तीच्या संस्था पुढे हिंदुस्थानात कसौली व कुन्नूर येथे निघाल्या. अशा रीतीने शास्त्राने सशाच्या शरीराची पुष्कळ माहिती करून घेतली, पण ती सशासाठी नव्हे. त्याचे दुखणे बरे करणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, अशी समजूत आपल्या शहरांत तो हौसेने पाळला जाऊ लागल्यानंतरच रुजू लागली, आणि अजून ती पुरती रुजलेली नाही. कुत्र्या-मांजरांत निष्णात असलेला वैद्य सशाच्या बाबतीत तितकाच निष्णात असेल, असे गृहीत धरू नये. आधी तसे स्पष्ट विचारून घेण्यात संकोच कशाचा?

सशाने खाणे सोडले, तर किती वेळ वाट पाहावी, याचे उत्तर जुन्या सालोत्र्याने घोड्याबद्दल दिले असते तेच आहे: वाट पाहूच नये. दहा-बारा तास त्याने गवताला तोंड लावले नाही आणि लेंड्या पडल्या नाहीत, किंवा त्या बारीक, वेड्यावाकड्या व केसांच्या धाग्याने ओवल्यासारख्या पडू लागल्या, तर ‘उद्या सकाळी पाहू’ हा विचार घातक ठरतो. पोट हळूच चाचपून ते नगाऱ्यासारखे ताठ लागले, कान थंड पडले, किंवा तो कुशीवर पडून राहिला, तर तासांचाही हिशेब करू नये. निरोगी सशाच्या शरीराचे उष्णमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते, आणि ते उतरू लागणे हे तापापेक्षा वाईट लक्षण आहे. वैद्य बहुधा क्ष-किरण चित्र काढून मार्ग खरोखर अडला आहे, की केवळ गती थांबली आहे, हे आधी ठरवितो. कारण अडथळा असताना आतड्यांना चालना देणारे औषध देणे म्हणजे बंद दारावर जमाव लोटणे होय. अडथळा नसेल, तर वेदनाशामक, त्वचेखाली कोमट द्रव, ऊब, आणि गवताच्या पिठाचे सरबरीत मिश्रण सुईविरहित पिचकारीने गालाच्या बाजूने थोडे थोडे भरविणे, हा उपचाराचा गाभा होय. वेदना शमविणे हा यातला गौण भाग समजू नये. दुखते आहे तोवर ससा खाणार नाही.

आपल्या घरांतून माणसांच्या बद्धकोष्ठावर जे उपाय चालतात, ते मात्र सशाच्या बाबतीत कटाक्षाने टाळावेत. एरंडेल, साबणाचे पाणी, माणसांच्या रेचक गोळ्या यांनी हित होत नाही, बहुधा अहितच होते. आणि घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी चुरून देण्याचा जो एक अविचार अधूनमधून कानी येतो, त्याने उंडुकातील उपकारक जीव नष्ट होऊन ससा दगावू शकतो. कारणांचा शोधही तितकाच आवश्यक आहे. सशाचे दात जन्मभर वाढत असतात आणि ते गवत चघळण्यानेच झिजतात. गवत नसले, की मागच्या दाढांना अणकुच्या फुटून जीभ व गाल सोलतात, आणि मग पोटाचे दुखणे म्हणून जे दिसते, त्याचे मूळ तोंडात असते. पाणी कमी पडणे हे दुसरे कारण, यास्तव नळीच्या बाटलीपेक्षा पाण्याने भरलेले जड वाडगे अधिक बरे. उकाडा हे तिसरे. मे महिन्यात ठाण्याच्या दमट हवेत, बंद गॅलरीत, वीज गेलेल्या दुपारी सशाला जे सोसावे लागते, ते त्याच्या अंगावरील लोकरीसारख्या केसांकडे पाहून कोणालाही समजावे. आणि भय हे चौथे: गणेशोत्सवातील ढोलताशे आणि दिवाळीतील फटाके यांनी भेदरलेला ससा दुसऱ्या दिवशी खाणे सोडतो, तेव्हा लोक त्याने काय खाल्ले होते याचीच चर्चा करीत बसतात.

राहिला प्रश्न गवताचा. दुकानांतून टिमोथी या नावाचे परदेशी वाळलेले गवत पिशव्यांत भरून विकत मिळते. ते उत्तम असते आणि त्याची किंमतही तशीच असते. लसूणघास सशाच्या पिलांना चालतो, परंतु प्रौढ सशाला त्यातील चुना बाधतो. भाताचा पेंढा आसनाला ठीक, आहाराला निकृष्ट. आपल्या डोंगरांवरील पवन्या किंवा मारवेल, कुसळ धरण्यापूर्वी कापून सावलीत वाळविलेला, हिरवट रंगाचा आणि गोड वासाचा असेल, तर तो सशाच्या आहाराचा मुख्य भाग होण्यास पुरेसा आहे. आणि कल्याणच्या तबेल्यांना किंवा घोड्यांच्या पागांना गवत पुरविणाऱ्यांकडे चौकशी केली, तर तो मिळविणे अशक्य नाही. मात्र दसऱ्यानंतरचा नवा माल घ्यावा, पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि बुरशीचा वास येताच तो निःशंक फेकून द्यावा. गवत अष्टौप्रहर त्याच्या पुढे असावे, पालेभाजी मूठभर असावी, गाजराचा तुकडा सणासुदीला असावा, आणि बिस्कीट कधीच नसावे. नीट पाळलेला ससा आठ ते दहा वर्षे जगतो. तितक्या वर्षांच्या गवताची बेगमी ज्याच्याकडून होणार असेल, त्यानेच त्याला घरी आणावे.